ला स्कालाचे ट्विटर: कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

क्लिप्श कंपनीच्या ला स्काला स्पीकरची जुनी जोडी कामाला घेतली. खोकी भक्कम आहेत, प्लायवूड कुठे फुगलेलं नाही, वूफर (खर्जाचे सूर काढणारा भाग) ठणठणीत. तक्रार आहे ती वरच्या सुरांची. तबल्याच्या चाटेवरचा 'ना' सुटा, टणक यायला हवा. तो फडक्यातून आल्यासारखा येतो. शिवाय डावा स्पीकर उजव्यापेक्षा मळकट वाटतो. गायक मधोमध उभा असायला हवा, पण 'स' आणि 'श' आले की तो उजवीकडे सरकतो.

थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवतो, पुढे लागेल. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात, होप या गावी कंपनी काढली. ला स्काला १९६३ ची. विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या निवडणूक प्रचारात सभांना वापरता येईल असा स्पीकर म्हणून तिचा जन्म झाला. तिन्ही मार्ग हॉर्नचे: खाली घडी घातलेला खर्जाचा हॉर्न, वरच्या कप्प्यात मधल्या सुरांचा लांबलचक धातूचा हॉर्न आणि त्याच्या तोंडालगत चिमुकला ट्विटर, वरच्या सुरांचा. संवेदनशीलता १ वॅटला १ मीटरवर १०४ डेसिबल. साध्या घरगुती स्पीकरपेक्षा हे १५ डेसिबलने तरी जास्त, म्हणजे तितक्याच आवाजाला तिसाव्या हिश्श्याची वीज पुरते.

ट्विटर के-७७, म्हणजे वेगळं लेबल लावलेला इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा टी-३५. माझ्याकडचे गोल अल्निको चुंबकवाले आहेत. सभेतलं भाषण मैदानाच्या टोकापर्यंत नेणाऱ्या यंत्राला १५ किलोहर्ट्झच्या वरचं काय करायचं होतं, असं मला नेहमी वाटतं. गाणं ऐकताना मात्र ते लागतं.

एक अट घालून घेतली आहे. जुन्या लाकडाला करवत, कानस, ड्रिल काहीही लागणार नाही. उद्या कुणाला सगळं मूळपदावर आणायचं झालं तर एका संध्याकाळी आणता आलं पाहिजे.

७ ऑक्टोबर

नवीन काही घेण्याआधी मोजणी. माइक १ मीटरवर, ट्विटरच्या उंचीला. आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर, कॅलिब्रेशन फाइल असलेला माइक. भिंती आणि जमिनीवरून येणारे परतावे वगळण्यासाठी ४ मिलिसेकंदांची खिडकी ठेवली, म्हणजे तेवढ्याच वेळातला आवाज मोजणीत धरला. त्यामुळे २५० हर्ट्झच्या खालचं काही खरं धरायचं नाही. इथे त्याची गरजही नाही.

नुसता ट्विटर मोजताना मालिकेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि स्वीप (चढत जाणारा सूर) २ किलोहर्ट्झपासून सुरू केला. ही काळजी घ्यावीच. क्रॉसओव्हरशिवाय (प्रत्येक मार्गाला त्याचे सूर वाटून देणारा फिल्टर) थेट अॅम्प्लिफायरला जोडलेल्या ट्विटरला प्लग काढता-घालतानाचा एक 'धप्' पुरेसा होतो.

उजवा ट्विटर १४ किलोहर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सरळ, मग कडा कोसळावा तसा उतार. डावा ९ किलोहर्ट्झपासूनच ४ डेसिबल खाली, आणि ७ च्या आसपास एक खड्डा. डीसी रोध डावा ५.९ ओहम, उजवा ६.१. म्हणजे कॉइल तुटलेली नाही. दोष पडद्यात (कॉइलबरोबर हलून आवाज काढणारी पातळ चकती) किंवा कॉइल जिथे हलते त्या चुंबकाच्या फटीत.

११ ऑक्टोबर

क्रॉसओव्हर बाहेर काढला. वरच्या कप्प्याला मागून फळी नाही, त्यामुळे हात सरळ आत जातो. जुन्या वस्तूंमधलं हे सुख. बोर्ड 'टाइप एए'. खर्जाला २.५ मिलिहेन्रीची कॉइल. मिडरेंजला (मधल्या सुरांच्या हॉर्नला) १३ मायक्रोफॅरड आणि ऑटोट्रान्सफॉर्मर, जो त्याला ३ डेसिबलने खाली आणतो. ट्विटरला २ मायक्रोफॅरड, २४५ मायक्रोहेन्री, पुन्हा २ मायक्रोफॅरड. तडजोडीच्या जागा, म्हणजे एक मार्ग संपून दुसरा सुरू होतो ती ठिकाणं, ४०० आणि ६००० हर्ट्झ. यातली खोच अशी की मिडरेंजला वरून कापणारं काहीच नाही. तो आपला आपण दमतो तिथे थांबतो. तोवर ट्विटर सुरू झालेला असतो, म्हणजे ६ किलोहर्ट्झच्या आगेमागे दोघेही एकदम बोलत असतात. ही गोष्ट पुढे त्रास देणार.

ट्विटरच्या दोन टोकांवर पाठीला पाठ लावलेले दोन झेनर डायोड आहेत, ५.१ व्होल्टचे. एकातून उलट्या दिशेने वीज वाहू लागली की दुसऱ्याचे ०.७ धरून ५.८ व्होल्टला शेंडा कापला जातो. म्हणजे ८ ओहमवर साधारण २ वॅट. फार नाजूक कॉइलला वाचवायची ही युक्ती. झेनर काढले की आवाजावरचा पडदा दूर होतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी दोन्ही प्रकारे मोजलं, घरातल्या जोरावर काडीचा फरक नाही. असणारच कसा? २ वॅटला हा ट्विटर १ मीटरवर १०७ डेसिबल देतो, आणि तितक्या आवाजात घरात कोणी बसत नाही.

कपॅसिटर तेलाचे, पत्र्याच्या डब्यातले. २ चे दोन्ही २.१ भरले, पण अंतर्गत रोध १ ओहमच्या वर गेलेला. १३ चा १४.३ झालाय. सगळे बदलून २५० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन लावले. जुने डबे फोडायचे नाहीत: १९७९ मध्ये अमेरिकेत पीसीबी या विषारी रसायनाच्या उत्पादनावर बंदी आली, त्याआधीच्या तेलात ते असू शकतं. झिरपत असेल तर हातमोजे घालून पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात द्यावं. माझे कोरडे होते.

बदलानंतरचा आलेख: ट्विटरची पातळी ६ किलोहर्ट्झच्या वर जेमतेम १ डेसिबलने चढली. हिशोबातही तेच येतं. ६ किलोहर्ट्झला २ मायक्रोफॅरडचा विरोध १३ ओहमच्या आसपास असतो, त्यात एखाद-दुसरा ओहम वाढला म्हणून आभाळ कोसळत नाही. कपॅसिटर बदलणं आवश्यक होतं, पण त्यात चमत्कार शोधू नये.

१८ ऑक्टोबर

डावा ट्विटर उघडला. पडदा मूळचा नाही. आधी कुणीतरी दुसरा बसवलेला आहे, आणि घाईत. स्क्रू एका बाजूला करकचून आवळलेले, दुसऱ्या बाजूला सैल, त्यामुळे कॉइल फटीच्या एका कडेला टेकलेली. भिंगातून पाहिलं तर कॉइलच्या लाखेवर, एकाच बाजूला, केसाएवढा चकचकीत ओरखडा. फटीत लोखंडाचा कीस होता, काळ्या मिशीसारखा उभा राहिलेला.

चिकटपट्टीची चिकट बाजू बाहेर ठेवून पुठ्ठ्याच्या पातळ पट्टीला गुंडाळली आणि ती फटीतून गोल फिरवली. पट्टी काळी व्हायची थांबेपर्यंत हेच चाललं. फुंकर मारून हा कीस निघत नाही, चुंबक त्याला सोडत नाही. चुंबकाच्या सांध्यांना हात लावला नाही. अल्निकोचं वर्तुळ उघडलं की त्याची ताकद घटते आणि पुन्हा चुंबकित केल्याशिवाय परत येत नाही.

पडदा परत बसवताना स्क्रू अर्धे आवळून अगदी हळू आवाजात ३ किलोहर्ट्झचा सूर सोडला आणि पडदा किंचित किंचित सरकवला. घासतोय तिथे सुरात बारीक खरखर येते, मोकळा झाला की सूर एकदम स्वच्छ. मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले.

मोजलं. डावा आणि उजवा आता १२ किलोहर्ट्झपर्यंत १ डेसिबलच्या आत. ऐकायला बसलो. गायक मधे आला.

खरं सांगायचं तर इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पहिल्या दिवशीच्या तक्रारीतली निम्म्याहून जास्त तक्रार साफसफाईने गेली. कुणी तोच मळकट डावा काढून थेट नवा ट्विटर बसवला असता, तर सगळं श्रेय नव्याला दिलं असतं. आता निदान तुलना न्याय्य होईल: जुना धडधाकट ट्विटर विरुद्ध नवा.

२५ ऑक्टोबर

नव्याची निवड. टायटॅनियम पडद्याचा छोटा कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या मागे बसून आवाज काढणारा भाग) आणि त्यावर आडवा पसरणारा हॉर्न. कागदावर १०७ डेसिबल, ८ ओहम, १८ किलोहर्ट्झपर्यंत. संवेदनशीलता जास्त आहे हे पाहूनच घेतला. जास्तीचं रेझिस्टरने कमी करता येतं. कमी असलेलं वाढवायला काही उपाय नाही, मग सगळा स्पीकर त्याच्या पातळीला उतरवावा लागतो आणि १०४ डेसिबलचा डौल जातो. रेशमी घुमटाचे उत्तम ट्विटर मिळतात, पण ९०–९५ डेसिबलचे. इथे त्यांचा निभाव लागणार नाही.

अडचण एकच. नव्याची चौकट जुन्या भोकापेक्षा मोठी. भोक मोठं करायचं नाही हे ठरलेलं. तूर्त जुना आहे तिथेच राहील आणि नवा खोक्याच्या डोक्यावर बसेल. बर्च प्लायचे दोन पाट आणि मागेपुढे सरकणारी घोडी तयार केली. लाकूड माझं, त्यामुळे त्यावर पटाशी मनसोक्त चालवली.

२ नोव्हेंबर

पहिली जोडणी, एकाच स्पीकरला. नवा ट्विटर खोक्याच्या पुढच्या कडेला, जुन्याच फिल्टरवर, कसलीही पातळी न बदलता. झेनर सोडवून ठेवले, कारण नव्याला त्यांची गरज नाही.

आवाज झगझगीत, पहिल्या पाच मिनिटांत मोहात पाडणारा. झांजा खोलीभर. मग एक बाईंचा आवाज लावला आणि 'स' कानात टोचायला लागला. आलेखात ट्विटर ३ डेसिबलने वर, कागदावरच्या आकड्याप्रमाणेच. अशा वेळी बरेच जण 'टायटॅनियम कर्कश असतं' म्हणून मोकळे होतात. धातूला शिव्या देण्याआधी पातळी जुळवावी.

३ नोव्हेंबर

पातळी. नुसता एक रेझिस्टर मालिकेत टाकून आवाज कमी होतो, पण फिल्टरला दिसणारा भार बदलतो आणि कापण्याची जागा सरकते. म्हणून फिल्टरच्या पुढे, ट्विटरच्या अलीकडे, दोन रेझिस्टरची जोडी: एक मालिकेत, एक ट्विटरला समांतर. ८ ओहमवर बरोबर ३ डेसिबलसाठी हिशोब २.३४ आणि १९.४ ओहम सांगतो. बाजारात मिळणारे जवळचे आकडे २.२ आणि २०. त्याने २.८ डेसिबल कमी होतात आणि फिल्टरला ७.९ ओहम दिसतात. १० वॅटचे वायरवाउंड, बोर्डापासून बोटभर उचलून.

आता टोचत नाही. पण काहीतरी विस्कटलेलं आहे. आलेख जवळून पाहिला तर ५ ते ७.५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कंगव्यासारखे दात. दोन दातांमधलं अंतर जवळपास ७७० हर्ट्झ. जुन्या ट्विटरच्या आलेखातही हेच दात होते, मीच नीट पाहिलं नव्हतं. मोजणीवरचं स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणं) जास्त ठेवलं की ते लपतात.

९ नोव्हेंबर

दातांचं कारण अंतर. मिडरेंजचा ड्रायव्हर लांब हॉर्नच्या शेपटीला, खोक्याच्या पार मागे. ट्विटर पुढच्या कडेला. दोघांच्या टिचक्या, म्हणजे इम्पल्स, वेगवेगळ्या मोजल्या: ट्विटर १.३ मिलिसेकंद आधी पोचतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ४४.६ सेंटिमीटर. आणि १.३ मिलिसेकंदांचा उलटा आकडा ७६९ हर्ट्झ. कंगव्याचे दात आणि हे अंतर एकाच नाण्याच्या दोन बाजू.

६ किलोहर्ट्झची तरंगलांबी ५७ मिलिमीटर. म्हणजे तडजोडीच्या जागी ट्विटर जवळपास आठ लाटा पुढे पळत होता. कान हे थेट 'उशीर' म्हणून ओळखतो असं मी म्हणणार नाही. दीड मिलिसेकंदाच्या आत दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत. पण दात ऐकू येतात. चाटेचा आघात धारदार न वाटता पसरट वाटतो तो यामुळे.

नवा ट्विटर डोक्यावर बसवण्याची सक्ती इथे वरदान ठरली. घोडी मागे ढकलली. पुढच्या फळीत बसवलेल्या ट्विटरला ही मुभाच नसते.

ट्विटर मागे गेला की त्याच्यापुढे खोक्याचं सपाट डोकं येतं आणि त्यावरून आवाज उसळतो. १० मिलिमीटर जाडीचं लोकरी फेल्ट अंथरलं. फेल्टशिवाय ८ किलोहर्ट्झच्या वर दीड-दोन डेसिबलचे हेलकावे होते, फेल्टने ते अर्ध्यावर आले. पूर्ण गेले नाहीत.

१० नोव्हेंबर

बारीक जुळणी. माइक आता १ मीटरवर नाही, बसायच्या जागी, कानाच्या उंचीला. ट्विटर वर आणि मिडरेंज खाली असल्याने दोघांपासूनचं अंतर जवळून वेगळं आणि लांबून वेगळं पडतं. जिथे ऐकायचं तिथेच जुळवायचं. खिडकी ३ मिलिसेकंद.

पद्धत उलटी आहे, आणि म्हणूनच अचूक. ट्विटरच्या तारा मुद्दाम उलट्या जोडायच्या आणि ६ किलोहर्ट्झला पडणारा खड्डा सगळ्यात खोल होईपर्यंत ट्विटर सरकवायचा. शिखर जुळवायला गेलं तर ते बोथट असतं, अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी डेसिबलचाही फरक पडत नाही. खड्डा मात्र टोकदार. ५ मिलिमीटर म्हणजे ६ किलोहर्ट्झला ३१ अंश, आणि तेवढ्यात खड्डा भरून येतो. माझा खड्डा २४ डेसिबल खोल गेला, तेव्हा घोडीखाली पेन्सिलीची रेघ मारली. मग तारा सुलट केल्या: खड्ड्याच्या जागी सपाट रेषा, आणि कंगवा गायब.

एक सावधगिरी. ५७ मिलिमीटर पुढे किंवा मागे गेलं की तसाच खड्डा पुन्हा सापडतो, जरा उथळ. त्यामुळे आधी टिचकीने जागा ठरवावी आणि मगच खड्ड्याच्या मागे लागावं. नुसत्या खड्ड्यावर भिस्त ठेवली तर एक लाट चुकीच्या जागी बसून छान आलेख मिरवता येतो.

किंमत काय मोजली तेही लिहितो. ट्विटर आणि मिडरेंज यांच्यात आता उभं अंतर बरंच आहे, म्हणून ही सपाट रेषा बसलेल्या माणसापुरती. उभं राहिलं की ६ च्या आसपास खड्डा येतो. मला चालतं, गाणं मी बसून ऐकतो.

१६ नोव्हेंबर

आंधळी तुलना. एका स्पीकरमध्ये जुना दुरुस्त ट्विटर, दुसऱ्यात नवा; दोन्हींची पातळी ६ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या डेसिबलच्या आत. दोन्ही खोकी शेजारी शेजारी, मोनो, पुढे पडदा. आदलाबदल मुलीने केली, मग आम्ही जागा बदलल्या.

माझा निकाल: पुरुषांचा आवाज, सरोद, पियानो यांत मी खात्रीने ओळखू शकलो नाही. तबला, झांजा आणि टाळ्यांचा कडकडाट यांत दरवेळी ओळखलं. टाळ्यांत सगळ्यात सोपं, कारण नव्यात माणसं सुटी सुटी होतात. मुलीचं मत जरा वेगळं. "बाबा, जुन्यात आवाज संपल्यावर लगेच गप्प होतं. नव्यात हवा राहते." तिला १५ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येतं, मला १२ च्या पुढे फारसं नाही, वयाचा हिशोब. ती 'हवा' म्हणते ते माझ्यासाठी आलेखावरचंच आहे.

मग जुना ट्विटरही घोडीवर ठेवून, मागे सरकवून, खड्ड्याने जुळवून पुन्हा तुलना केली. आता तबल्यातला फरक खूप कमी झाला. माझ्या मते नव्या ड्रायव्हरने जे दिलं त्याहून जास्त त्याच्या जागेने दिलं. नवा घेतलेला वाया गेला असं नाही. ९० डेसिबलवर त्याचा दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेची भेसळ) जुन्यापेक्षा स्पष्ट खाली आहे आणि तासभर ऐकल्यावर कान शिणत नाहीत. पण कुणी मला विचारलं की आधी काय करू, तर मी फटीची सफाई, कपॅसिटर आणि घोडी याच क्रमाने सांगेन, आणि खरेदी शेवटी.

२३ नोव्हेंबर

दुसऱ्या खोक्यावरही तेच सगळं. त्याच्या पेन्सिलीची रेघ पहिल्यापेक्षा ४ मिलिमीटर पुढे आली. हाताने बनवलेल्या घोड्या आहेत, आणि खोल्याही दोन्ही बाजूंनी सारख्या नसतात. रेघ जुळावी म्हणून ट्विटर हलवला नाही. खड्डा सांगेल ते खरं.

३० नोव्हेंबर

आठवडाभर रोज ऐकल्यावर एकच दुरुस्ती. रात्री हळू आवाजात वरचे सूर हवे तसे, पण दिवसा जोरात लावलं की किंचित पुढे येतात. रेझिस्टर २.७ आणि १८ ओहम केले: २.८ ऐवजी ३.४ डेसिबल कमी, भार ८.२ ओहम. अर्धा डेसिबल ऐकू येतो का यावर वाद घालणाऱ्यांनी हा बदल एकदा करून पाहावा. इतका रुंद पट्टा एकदम हलला की येतो.

स्पीकर इतका संवेदनशील असल्याने अॅम्प्लिफायरची सळसळ नव्या ट्विटरमधून जास्त ऐकू येत होती. कान हॉर्नला लावला तर अजूनही येते, बसायच्या जागी नाही. या बदलाने तीही थोडी दबली.

घोडीचे स्क्रू पुन्हा आवळले, तारांना पट्ट्या लावल्या. मूळ ट्विटर त्यांच्या भोकांतच आहेत, तारा सोडवून टोकांना टेप. झेनर, जुने स्क्रू आणि टाइप एएची हाताने काढलेली आकृती एका डब्यात घालून डबा डाव्या खोक्याच्या वरच्या कप्प्यात ठेवला. तेलाचे कपॅसिटर तेवढे त्यात नाहीत, ते कचरा केंद्रावर दिले. राहिलेलं काम खर्जाच्या बाजूचं: खालच्या झाकणाची गॅस्केट वाळली आहे, ४० हर्ट्झच्या सुराला तिथून फुसफुस येते.